फोटोंचीही खतावणी हवी

फेब्रुवारी २०२४ मधील गोष्ट. रमजानचा माल भरण्याची घाई सुरू होती. नांदेडच्या एका जुन्या गिऱ्हाईकाचा फोन आला, "शेठ, पाच वर्षांपूर्वी तुम्ही दिलेली ती हिरव्या काठाची बारीक चौकड्याची साडी पुन्हा हवी आहे. फोटो पाठवा, लगेच ऑर्डर देतो." माल आमच्या पक्का लक्षात होता. त्याचा फोटो काढल्याचेही आठवत होते. पण तो कुठे आहे ते सापडेना. फोन चाळला, संगणक चाळला. शेवटी घाईघाईत मिळतेजुळते दिसणारे बारा फोटो निवडून पाठवून दिले. दहा मिनिटांनी त्यांचाच पुन्हा फोन आला. आवाज हळू होता. "शेठ, नववा फोटो घरचा दिसतो. आम्ही पुसून टाकला. तुम्हीही तिथून काढून टाका."

तो फोटो पुतण्याच्या मेंदीच्या रात्रीचा होता. त्यात घरच्या मुली होत्या. समोरचा माणूस भला म्हणून गोष्ट तेवढ्यावर थांबली. पण त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. साडीचा खरा फोटो दोन दिवसांनी सापडला. तोवर त्यांनी दुसरीकडून माल उचलला होता.

नंतर हिशेब केला तेव्हा फोन, संगणक आणि बाहेरची हार्ड डिस्क मिळून एकतीस हजारांहून जास्त फोटो निघाले. त्यात ताक्यांचे नमुने होते, बिले होती, निकाह, अकीका आणि ईद होती, आणि लोकांनी पाठवलेले 'शुभ सकाळ'चे गुलाबही होते. व्यापारी माणूस एक रुपयादेखील बिनखात्याचा ठेवत नाही. रोजमेळ लिहितो, खतावणी करतो, वर्षाच्या शेवटी ताळा जमवतो. मग हा एवढा मोठा साठा आम्ही बिनहिशेबी कसा ठेवला? सूरह अल-बकरामधील २८२ वी आयत ही कुरआनमधील सर्वांत मोठी आयत आहे, आणि तिचा विषय उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे हा आहे. लिहून ठेवण्याला आपल्या दीनमध्ये किती महत्त्व आहे हे आपण जाणतो. आम्ही मात्र ते वहीपुरतेच मानले होते.

फोटो काढावेत की नाही, याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. त्या चर्चेत शिरण्याचा आमचा अधिकार नाही. पण ज्यांच्या घरात आणि दुकानात फोटो आहेतच, त्यांनी ते नीट ठेवावेत, एवढेच येथे सांगायचे आहे.

नुकसान कसे झाले

याआधीही आम्हाला एकदा धडा मिळाला होता. जून २०२१ मध्ये पहिल्या पावसाच्या रात्री वीज गेली, आली, पुन्हा गेली. सकाळी संगणक सुरू होईना. आम्ही निश्चिंत होतो, कारण सर्व फोटोंची दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर केलेली होती. पण ती डिस्क त्याच टेबलावर, त्याच संगणकाला जोडलेली होती. विजेच्या एकाच झटक्यात दोन्ही गेल्या. दुरुस्तीवाल्याने आठ दिवस ठेवून घेतल्या आणि निम्मेअधिक फोटो काढून दिले. उरलेले गेले ते गेलेच. त्यात आमच्या मरहूम थोरल्या भावाचे शेवटच्या दोन ईदचे फोटो होते. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपमधून काही परत मिळाले, पण ते लहान आणि पुसट. मोठे करून पाहावे तर चेहरा फुटतो.

यातून कळले की प्रत करणे पुरेसे नाही, ती कुठे ठेवली यालाही महत्त्व आहे. त्याबद्दल पुढे लिहितो. आधी मांडणीकडे वळू.

एक घर, दोन दालने

पहिले काम म्हणजे सर्व फोटो एका ठिकाणी आणणे. आम्ही संगणकावर एकच मोठे फोल्डर केले आणि त्याचे दोन भाग पाडले, 'घर' आणि 'दुकान'. ही भिंत पक्की ठेवावी. दुकानाचे फोटो पाठवताना घरचे फोल्डर उघडायचेच नाही, असा नियम केला की नवव्या फोटोसारखी चूक होत नाही. जमत असेल तर दुकानासाठी फोनच वेगळा ठेवावा. आम्ही जुना फोन दुरुस्त करून नमुन्यांच्या फोटोंसाठी दुकानातच ठेवला आहे.

फोनमधून फोटो संगणकावर आणताना 'कट' करू नये, 'कॉपी' करावे. मध्येच तार निघाली तर कट केलेला फोटो इकडचाही राहत नाही आणि तिकडचाही. आधी कॉपी करावे, मग संख्या ताडून पाहावी, दोन-चार फोटो उघडून पाहावेत, आणि त्यानंतरच फोनमधून पुसावे. गाठ उतरवून घेताना आपण ताके मोजतो, तसेच हे आहे.

दुकानाच्या भागात बिलांचे फोटो असतील तर त्यांच्यावर फार विसंबू नये. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. फोनची गॅलरी काही सहा वर्षांची हमी देत नाही. मूळ बिल फाइलमध्येच ठेवावे, फोटो फक्त सोयीसाठी.

तारीख आधी, नाव मागून

फोल्डरला नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस आणि त्यानंतर प्रसंग लिहावा. उदाहरणार्थ, '२०१९-०६-०५-ईद-घर'. संगणक नावे अक्षरांच्या आणि अंकांच्या क्रमाने लावतो. वर्ष आधी असले की सर्व फोल्डर आपोआप काळाच्या क्रमाने उभे राहतात. दिवस आधी लिहिला तर प्रत्येक महिन्याची ५ तारीख एका ठिकाणी गोळा होते आणि काहीच उमगत नाही. तारीख लिहिण्याची हीच पद्धत आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९८८ पासून ठरलेली आहे. महिना एका अंकाचा असेल तर आधी शून्य द्यावे, नाहीतर दहावा महिना दुसऱ्याच्या आधी येऊन बसतो.

आपल्या लोकांसाठी येथे एक वेगळी अडचण आहे. कोणी म्हणेल, महिना पाहिला की ईद सापडेल. पण हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते. आपल्याकडे २०१९ ची ईद-उल-फित्र ५ जूनला होती, २०२४ ची ११ एप्रिलला आणि २०२५ ची ३१ मार्चला. महिन्यावरून शोधायला गेलात तर ईद दरवर्षी हुलकावणी देणार. म्हणून प्रसंगाचे नाव लिहिणे जरुरीचे आहे.

दुसरी अडचण लिपीची. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले, म्हणून सुरुवातीला आम्ही फोल्डरची नावे उर्दूतच लिहिली. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते आणि अंक डावीकडून उजवीकडे. त्यामुळे पडद्यावर तारीख आणि नाव यांची जागा उलटसुलट दिसू लागली. एकदा तर वर्ष कोणते आणि दिवस कोणता हेच कळेना. शिवाय काही जुन्या टीव्हींवर पेन ड्राइव्ह लावला की उर्दू किंवा मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात. म्हणून आता फोल्डर आणि फाइलचे नाव इंग्रजी अक्षरांत व अंकांत, आणि फोटोची माहिती आपल्या भाषेत, असा तोडगा आम्ही काढला आहे.

एका गोष्टीला एकच शब्द

खतावणीत एकाच गिऱ्हाईकाची तीन नावांनी तीन खाती उघडली तर येणे किती ते कधीच कळणार नाही. फोटोंचेही असेच आहे. आमच्याकडे एका ठिकाणी 'शादी', दुसरीकडे 'निकाह' आणि तिसरीकडे पुतण्याने लिहिलेले 'मॅरेज' होते. इंग्रजी अक्षरांत 'शादी' लिहिताना कोणी एक 'ए' लावतो, कोणी दोन. संगणकाला ते एकच आहे हे कळत नाही. तो अक्षरे पाहतो, अर्थ पाहत नाही.

आम्ही एका जाड कागदावर शब्दांची यादी करून संगणकाशेजारी चिकटवली. घरासाठी निकाह, अकीका, ईद, बकरीद, हज, प्रवास, शाळा. दुकानासाठी साडी, ग्रे, लुंगी, नमुना, बिल. यादीबाहेरचा शब्द घालायचा असेल तर आधी यादीत लिहायचा. नमुन्याच्या फोटोत रंग, काठ, पन्ना आणि लॉट नंबर लिहितो. ही माहिती कागदाच्या चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी कापडावर ठेवूनच फोटो काढला तर उत्तम. चिठ्ठी फोटोतून कोणी पुसू शकत नाही.

माहिती फोटोच्या आतच लिहावी

डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये चित्रासोबत काही माहितीही भरलेली असते. तारीख, वेळ, कोणत्या कॅमेऱ्याने काढला, आणि फोनमध्ये तसे चालू असेल तर जागासुद्धा. याला एक्झिफ म्हणतात. त्यात आपणही शीर्षक, शब्द, नावे भरू शकतो. विंडोजमध्ये फोटोवर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' आणि मग 'डिटेल्स' उघडले की ही जागा दिसते. जास्त फोटो असतील तर डिजीकॅम नावाचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. त्यात फोटोंना शब्द लावता येतात, चेहऱ्यांना नावे देता येतात आणि दुबार फोटो शोधता येतात.

मात्र येथे एक खबरदारी आवश्यक आहे. लिहिलेली माहिती सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या वहीत न राहता फोटोच्या फाइलमध्ये उतरली पाहिजे. डिजीकॅममध्ये तशी सोय आहे, ती सुरू करून घ्यावी. पिकासा नावाचे सॉफ्टवेअर एके काळी घरोघरी होते. गुगलने ते २०१६ मध्ये बंद केले. फोटो जिथल्या तिथे राहिले, पण लोकांनी मेहनतीने लावलेले अल्बम दुसऱ्या सॉफ्टवेअरला उमगेनात. मुनीम नोकरी सोडून गेला तरी वही पेढीवरच राहिली पाहिजे.

घड्याळही तपासावे. कॅमेऱ्याची बॅटरी उतरली की तारीख मागे जाते आणि कालचा फोटो पंचवीस वर्षांपूर्वीचा ठरतो. जुन्या कागदी फोटोंचे स्कॅन केले तर फाइलवर स्कॅनची तारीख पडते. तिथे खरे वर्ष आपण स्वतः लिहावे. नक्की ठाऊक नसेल तर 'सुमारे' म्हणून लिहावे.

व्हॉट्सॲपची गल्लत

आज निम्मे फोटो व्हॉट्सॲपवरून येतात. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप आकसून लहान करते आणि त्यातील एक्झिफची माहिती काढून टाकते. म्हणजे फोटोही हलका आणि तारखेचा पुरावाही गेला. नातेवाइकांकडून महत्त्वाचा फोटो मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा असे सांगावे. तसा पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी येते.

अँड्रॉइड फोनमध्ये प्रत्येक ग्रुपसाठी 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करता येते. ती बंद केली की ग्रुपमधील गुलाब आणि विनोद गॅलरीत येत नाहीत. आम्ही ही सोय वापरली आणि आमचा निम्मा पसारा थांबला.

उरलेली निवड हातानेच करावी लागते. आमच्या गावात जुम्म्याला कारखाने बंद असतात. नमाज आणि जेवण झाले की आम्ही अर्धा तास फोटोंना देतो. आठवड्यात काढलेले फोटो पाहतो, हललेले आणि दुबार पुसतो, उरलेले जागेवर लावतो. एकतीस हजारांचे साडेअकरा हजार व्हायला आम्हाला जवळपास दीड वर्ष लागले. एका बैठकीत सर्व उरकायला बसाल तर दुसऱ्या दिवशी कंटाळून सोडाल.

माणसे आहेत तोवर नावे लिहा

या सर्व कामात सर्वांत मोलाचे निघाले ते एका जुन्या फोटोचे काम. १९७४ च्या सुमाराचा हा फोटो आमच्या आजोबांच्या कारखान्यासमोर काढलेला आहे. मागे भिंत, पुढे अकरा माणसे. मागच्या बाजूला काहीही लिहिलेले नाही. थोरल्या भावाला सर्व अकरा नावे पाठ होती. आम्ही दरवर्षी म्हणायचो, एकदा बसून लिहून घेऊ. जानेवारी २०२० मध्ये ते अल्लाहला प्रिय झाले आणि नावे त्यांच्याबरोबर गेली.

फोटो स्कॅन करून संगणकावर मोठा केल्यावर आम्ही तो आमच्या फुफीसमोर, म्हणजे वडिलांच्या धाकट्या बहिणीसमोर ठेवला. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. लहानपणी त्या कारखान्यात जेवणाचा डबा पोहोचवायच्या. कागदावरचे चेहरे त्यांना दिसत नव्हते, पडद्यावर दिसले. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून त्यांनी सात जणांची नावे सांगितली. हा बीम चढवायचा, हा कांडी भरायचा, हा रात्रपाळीला नातं म्हणायचा. पुतण्या टाइप करत गेला. चौघे मात्र ओळखू आले नाहीत. त्या चौघांनी विणलेल्या कापडावर आमचे घर उभे राहिले, आणि त्यांची नावे आज आमच्याकडे नाहीत. ही उधारी आता फेडता येणार नाही.

वाचकांना आमची कळकळीची विनंती आहे की संगणकाचे शिक्षण नंतर घ्या, सॉफ्टवेअर नंतर निवडा. पण घरात जी वडीलधारी मंडळी आहेत त्यांच्यासमोर याच आठवड्यात जुने फोटो घेऊन बसा. कागदी फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने नाव, गाव, अंदाजे वर्ष लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याचा दाब समोरच्या बाजूला उमटतो. स्कॅन करताना ६०० डीपीआय ठेवा, म्हणजे चेहरा मोठा करून पाहता येईल.

तीन प्रती, दोन साधने, एक बाहेर

आता प्रतींकडे वळू. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने प्रचारात आणलेला एक सोपा नियम आहे. प्रती तीन असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यातील एक घराबाहेर असावी. आम्ही पहिली प्रत संगणकावर ठेवतो. दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवतो, आणि काम झाले की ती डिस्क काढून कपाटात ठेवतो. तिसरी प्रत घरच्या फोटोंची इंटरनेटवर आहे आणि नमुन्यांची एका डिस्कवर विवाहित मुलीच्या घरी. पूर, आग, चोरी किंवा विजेचा झटका यांतील काहीही झाले तरी तीन ठिकाणी एकदम होणार नाही, इन्शाअल्लाह. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यासाठी ठीक आहे, वर्षानुवर्षे साठवण्यासाठी नाही.

इंटरनेटवर ठेवताना दोन गोष्टी समजून घ्याव्यात. गुगल फोटोजमध्ये अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. १५ जीबी मोफत मिळते, तेही ई-मेलसह सर्व मिळून. एक फोटो सरासरी चार एमबीचा धरला तर पावणेचार हजार फोटोंत ही जागा भरते. दुसरे असे की, फोन आणि गुगल फोटोज जोडलेले असतात. एका ठिकाणी पुसला की दुसरीकडूनही जातो. पुसलेला फोटो ६० दिवस कचरापेटीत राहतो, मग कायमचा जातो. म्हणून ही सोय चांगली असली तरी तिला एकमेव प्रत समजू नये.

आम्ही ३१ मार्चला हिशेब बंद करतो, तेव्हा डिस्कही जोडून पाहतो. पन्नासेक फोटो इकडून-तिकडून उघडून बघतो. माल गोदामात आहे असे वहीत लिहिले म्हणजे तो खरोखर आहेच असे नाही, हे कोणत्याही व्यापाऱ्याला सांगायला नको.

शेवटी अमानतीची गोष्ट

दुसऱ्याचा फोटो आपल्याकडे असणे ही अमानत आहे. घरातील स्त्रियांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय कुठेही पाठवू नयेत. घरी काढलेल्या फोटोत जागेची नोंद राहते, म्हणून कॅमेऱ्यातील 'लोकेशन' बंद ठेवावे. फोन विकताना किंवा दुरुस्तीला देताना आधी फोटो उतरवून घ्यावेत आणि फोन रिकामा करावा.

आणि आपल्यानंतर काय, याचाही विचार करावा. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गुगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू लागले आहे. पासवर्ड फक्त आपल्याच डोक्यात असेल तर आपल्याबरोबर फोटोही जातील. गुगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे, तिथे विश्वासातील माणसाचे नाव देता येते. आम्ही थोरल्या मुलाचे दिले आहे. डिस्क कोणत्या कपाटात आहे आणि फोल्डरची रचना कशी आहे, हेही एका कागदावर लिहून वसीयतनाम्याच्या पाकिटात ठेवले आहे.

नांदेडच्या गिऱ्हाईकाने यंदा पुन्हा फोन केला. या वेळी काठाचा रंग सांगताच दोन मिनिटांत फोटो निघाला, ऑर्डरही मिळाली. अल्हम्दुलिल्लाह. पण त्याहून मोठे समाधान वेगळे आहे. आता पुतण्याचा लहान मुलगा पडद्यावरील त्या जुन्या फोटोतील सात माणसांना नावाने ओळखतो. आणि राहिलेल्या चौघांबद्दल विचारतो, "हे कोण?" त्याला सांगायला आमच्याकडे काही नाही. तुमच्या घरात असे विचारणारे मूल मोठे होण्याआधी तुमची खतावणी पूर्ण व्हावी, हीच दुआ.